पुतळ्याच्या तोंडाला खर्र्याचा वास

हे लिहायची मला खरं तर लाज वाटते. छप्पन साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव, अंगारे, ताईत, सगळं एका टोपलीत भरून कन्हान नदीत सोडलं. मी चौथीत होते. त्यानंतर आमच्या घरी कुणाच्या अंगात आलं नाही, की कुणी रस्त्यातलं लिंबू ओलांडायला घाबरलं नाही. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी उठून भांडी घासायला जायची. तरी हे वहीत उतरवते आहे... शाळा चौथीतच सुटली, चुका असतील.

गोष्ट ऐंशी सालानंतरची. धंतोलीत एक खाजगी नर्सिंगची शाळा होती, तिथे मी आया होते. खाली वर्ग, वर मुलींचं होस्टेल. त्या वर्षी बाहेरून एक मॅडम आल्या. माणसाचा श्वास थांबला तर तोंडाला तोंड लावून श्वास कसा द्यायचा, छाती कशी दाबायची, ते शिकवायला. आणि असं करायची मुलींच्या मनाची तयारी किती, ते मोजायला. त्यासाठी छापील कागद होता. 'अनोळखी माणसाला मी श्वास देईन' — पुढे 'हो', 'सांगता येत नाही', 'नाही'. एकावर खूण करायची, नाव लिहायचं नाही. शिकण्याआधी एकदा, महिन्याभराने पुन्हा एकदा. कागद गोळा मीच करायची. वाचता येतं मला.

शिकायला कमरेपर्यंतचा एक रबरी पुतळा होता. त्याला रोज पुसायचं, पावडर लावायची, पेटीत नीट झोपवायचं. म्हणून मुलींनी त्याचं नाव 'जावई' ठेवलं होतं. मुली लाजत, म्हणून तो पडद्याआड ठेवायचा. पडद्याआड एकेक मुलगी आणि मी. तिचं झालं की आधी कोऱ्या गॉजने पुतळ्याचं तोंड पुसायचं, मग स्पिरिटने. मला त्यांच्यापेक्षा जास्त लाज, मी मान वर करत नसे. पण गॉजवरून सगळं कळायचं. जिने खरंच तोंड लावलं तिचा गॉज ओला. जी नुसती वाकून फू करून उठली तिचा कोरडा.

शैला नावाची एक बोलकी मुलगी होती. ती तर वाकलीही नाही. "सगळ्यायनं उष्टं केलं वं मावशी याले! मी नाही लावत तोंड. तुम्ही सांगजा नका फक्त."

पहिल्या दिवशी चार-पाच गॉज ओले निघाले असतील. आणि कागदावर? बहुतेक सगळ्यांचं 'हो'! मॅडम खूश. मी गॉजचा ट्रे घेऊन समोरून गेले, काही बोलले नाही.

उलट माहेरी, कामठीला, मीच फुशारकी मारली. मेल्यासारख्या माणसाला आमच्या पोरी फुंकर घालून उठवतात म्हणून. माझा मोठा भाऊ, दादा, पॉवरलूमवर होता. गालात कायम खर्रा, सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला. गॅस होतो म्हणून तो खर्र्यात ओवा घोटायला लावायचा. तो कुठे बसून गेला ते त्या ओव्याच्या वासावरून कळायचं.

"मंग त बरंच आहे बाई," तो म्हणाला. "मी पडलो त तुह्या पोरी उठवतीन मले."

"खर्रा थुंकून पडजो मंग," मी म्हटलं. "असल्या तोंडाले कोण तोंड लावते!"

आई हसली, तोही हसला.

पंधरा दिवसांत तो पडला. आमच्या शाळेच्या फाटकापाशीच. आईने माझ्यासाठी दिलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन आला होता, भर दुपारी. मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. चौकीदार स्ट्रेचर आणायला शेजारच्या दवाखान्यात पळाला. मी पोचले तेव्हा दादा स्ट्रेचरवर होता आणि मुली गोल करून उभ्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं आणि नुसती मान हलवली.

आई रोज एकच विचारायची. "तुह्या त्या पोरी होत्या ना वं तिथं? कोणी श्वास देला का त्याले?"

काय सांगू? मी शैलाला विचारलं.

"मावशी, आम्ही सगळं केलं ना!"

"सगळं म्हणजे काय वं?"

"म्हणजे... पाणी शिंपडलं. वारा घातला."

दुसरी म्हणाली, मी मागे होते. तिसरीला अचानक कपडे आठवले, ती गच्चीवर गेली. चौकीदाराने काही पाहिलंच नव्हतं. माझा जीव नुसता चडफडायचा. आणि आईला मी रोज म्हणायची, विचारते, विचारते.

मग कागद दुसऱ्यांदा भरायचा दिवस आला. गोळा करताना मी एकेक बघत होते. हो. हो. हो. ज्या मुलींनी माझ्या भावाला वारा घातला त्यांचं हो! एका कागदावर मात्र 'नाही'. कुणाचा ते कळायला मार्ग नाही. मला वाटलं, चला, एक तरी खरं बोलली.

मग पडद्याआड पाळीपाळीने मुली. गॉज कोरडा, कोरडा, एखादा ओला, पुन्हा कोरडा. शेवटी कुसुम आली, उमरेडची, माझ्यासारखीच न बोलणारी. मागच्या वेळी तिचाही कोरडाच निघाला होता. वाकली, उठली. मी गॉज फिरवला.

गॉज विटकरी झाला. ओला, विटकरी... आणि ओव्याचा वास.

पुतळा मी स्वतः सकाळी स्पिरिटने पुसला होता. पेटीची किल्ली माझ्या कमरेला. दुसरा गॉज घेतला, तोही विटकरी. तिसरा पांढरा निघाला.

माझ्या तोंडातून भलतंच निघालं, "खर्रा खातं काय वं तू?"

कुसुमने ट्रेमध्ये पाहिलं आणि हाताने ओठ पुसायला लागली. "मावशी, मी धुतलं होतं वं तोंड. साबणानं धुतलं. पाच खेपा चूळ भरली... अजून येऊन राहिला वास?"

मग हळू आवाजात सगळं सांगितलं. दादा पडला तेव्हा तिने एकटीने त्याला श्वास दिला होता. गालातला खर्रा बोटाने काढून. छाती वर येताना तिने पाहिली होती, दोनदा. मग तिसऱ्यांदा नाही. त्या दिवसापासून होस्टेलच्या मेसमध्ये तिचं ताट वेगळं केलं होतं. शैलाच म्हणाली होती, कुणाचं कोण, खर्रा भरलेलं तोंड, शी! कुसुमला कुणी तांब्याला हात लावू देत नव्हतं. तुमच्याजवळ कसं बोलू, तो वाचला तर नाहीच, कुसुम म्हणाली.

"आणि कागदावर?" मी विचारलं.

"'नाही'वर खूण केली. पुन्हा नाही होणार माह्याच्यानं."

मी ट्रे उचलला आणि तरातरा मॅडमच्या टेबलाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खडसावून सांगणार होते. मॅडम शाळेच्या शिक्षिकेला म्हणत होत्या, "फार चांगला निकाल आहे. फक्त एकच नकार. अशी एखादी मुलगी असतेच." मी ट्रेमध्ये पाहिलं. तीनही गॉज पांढरे. वास नुसता स्पिरिटचा.

"काय मावशी?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, "चहा आणू का?"

त्या रविवारी कुसुमला कामठीला घेऊन गेले. आईला सांगितलं, हिनं देला दादाले श्वास. आईने तिला भाकरी-पिठलं वाढलं. कुसुमला खाववेना, अर्धी भाकरी तशीच राहिली. आईने तिचं ताट आपल्याकडे ओढलं आणि ती उरलेली अर्धी भाकरी सावकाश खाल्ली. त्यानंतर आईने मला तो प्रश्न कधी विचारला नाही.

गॉजचं मला अजून कळलेलं नाही. रबराचा रंग सुटला म्हणावं, तर मग ओव्याचा वास कुठून आला? माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर कुसुमनेही पाहिलं होतं. ती पुढे उमरेडलाच नर्स झाली. भेटली की आम्ही तो विषय काढत नाही. मॅडमच्या त्या कागदांचं बाड कुठेतरी कपाटात असेल, आणि त्यात कुसुम अजून 'नाही'मध्येच असेल. खरा श्वास तिनेच दिला होता, तेवढं एक मला बोलता आलं असतं. त्याला काही भूत लागत नव्हतं. मी चहा विचारला... आणि त्या 'हो' म्हणाल्या, साखर कमी घाल म्हणाल्या, तर मी कमी घालून आणला.