संपलं की पुरं झालं?

गंगापूर रोडवरून सकाळी फिरून परतताना कोपऱ्यावर ओल्या गोणपाटावर ओतलेल्या झेंडूचा वास येतो. त्याला गोड म्हणता येणार नाही. त्यात थोडा कडवटपणा असतो, थोडी ओली माती असते आणि देठ मोडल्यावर बोटांना चिकटून राहतो तो हिरवा उग्रपणा असतो. हा वास आला की माझं पाऊल आपोआप मंदावतं आणि काही वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. त्या दुपारी एका फुलवालीमुळे मला माझाच विषय नव्याने शिकावा लागला.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. समानार्थी शब्दांचा धडा माझ्या विशेष आवडीचा. फळ्यावर एंड, फिनिश, कम्प्लीट, स्टॉप, क्लोज, ओव्हर असे शब्द ओळीने लिहायचे, मधे बरोबरची चिन्हं टाकायची आणि हातावरचा खडू झटकत म्हणायचं, "सगळ्यांचा अर्थ एकच, संपणे." मुलं वहीत उतरवून घेत, परीक्षेत गुण मिळवत. त्या चिन्हांबद्दल मला कधी शंका आली नाही. मराठीत मात्र असं करायला माझी जीभ धजली नसती. आपल्याकडे स्वयंपाक उरकतो, पंगत आटोपते, डब्यातली साखर संपते, भांडण मिटतं, उन्हाळा सरतो आणि पारायण पुरं होतं. यातला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला तर शेंबडं पोरही हसेल. स्वतःच्या भाषेत इतकी चोखंदळ असलेली मी परक्या भाषेतले हे बारकावे वर्षानुवर्षं डस्टरने पुसत राहिले.

ती फुलवाली गंगापूर धरणाकडच्या एका खेड्यातली. नवराबायको मिळून एकरभर रानात झेंडू आणि शेवंती घ्यायचे. पाणी, फवारणीची औषधं, मोटर हे त्याच्याकडे. फुलांची पाटी घेऊन शहरात येणं तिच्याकडे. मी शिक्षिका म्हणून ती मला बाई म्हणायची. मग तिच्या नवऱ्याच्या मानेत गाठ निघाली. तपासण्या झाल्या, कॅन्सर ठरला. सहा केमो घ्यायच्या होत्या. प्रत्येक केमोनंतर ती माझ्यापाशी एकेक बोट मिटत असे. त्याचे केस गेले, चव गेली, भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. "पाच झाल्या बाई, एक राह्यली," असं तिने सांगितलं, आणि सहाव्या केमोच्या सुमारास तीन-चार दिवस कोपऱ्यावरची तिची जागा रिकामी दिसली.

आणि मग एका टळटळीत दुपारी ती माझ्या दारात उभी. डोक्यावर पाटी नाही, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दवाखान्याची फाइल.

"बाई, हे वाचा. अन् जे असंल ते खरं सांगा."

"अगं, आधी बस तर. काय झालं?"

ती बसली नाही. "शेवटली केमो झाली. तिथल्या मानसानं फाइल दिली अन् म्हनला, तुमचं ओव्हर झालं, आता यायचं नाय. आत डॉक्टर बी सारखं स्टॉप, स्टॉप म्हनत व्हते. माझ्या दिराला बी असंच घरी धाडलं व्हतं, बाई. पंधरा दिवसांत गेला."

या गोष्टीला तीन दिवस झाले होते. तिने नवऱ्याला काही कळू दिलं नव्हतं. त्याला आवडते म्हणून रोज शेवभाजी करत होती, उन्हात जाऊ देत नव्हती. "आज लय लाड चाललाय," असं तो म्हणाला तेव्हा चुलीच्या धुराचं निमित्त करून तिने डोळे पुसले होते.

मी चष्मा लावला. अक्षर घाईचं होतं. 'कम्प्लीटेड' एवढं स्पष्ट लागलं. खाली दोन गोळ्यांच्या नावांपुढे 'स्टॉप' होतं. त्याखालच्या ओळीतला एक वैद्यकीय शब्द मला अडला. ज्या शब्दांवर मी एवढी वर्षं पोट भरलं, तेच समोर होते आणि माझी बोलायची छाती होईना. चुकीचा दिलासा दिला तर? फाइलवरचा नंबर पाहून मी दवाखान्यात फोन लावला. नर्सबाईंनी कागद काढून पाहिले आणि शांतपणे सांगितलं, उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण झालेत, तपासणीत गाठ दिसत नाही, त्या दोन गोळ्यांची आता गरज नाही, तीन महिन्यांनी दाखवायला या.

"संपलं नाही गं," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला, "पुरं झालं. पारायण पुरं होतं ना, तसं."

ती पायरीवर बसली. पाणी मागितलं, तांब्याभर एका दमात प्यायली. मग पदराने तोंड पुसून मोबाइल काढला. तिला तो कानाला लावायची सवय नव्हती, स्पीकर लावून, हातावर धरून ती मोठ्याने बोलायची.

"अवो, ऐका. तुमचं संपलं नाय. पुरं झालंय. बाईंनी दवाखान्यात इचारलं. गाठ नाय ऱ्हायली."

पलीकडून तो म्हणाला, "म्हंजी तुला बी तसंच वाटलं व्हतं?"

"तुमाला बी?"

"डॉक्टरांचं स्टॉप मी बी ऐकलं व्हतं. मला वाटलं, तुला ठावं नाय. म्हनून बोललो नाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मोटरचा स्टार्टर कसा दाबायचा, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, औषधाचं माप किती, हे तो तीन दिवस तिला का दाखवत होता, ते तिला आत्ता उमगलं. तिला वाटलं होतं, बसून बसून कंटाळलाय. दोघंही एकाच घरात, एकाच ताटात जेवत, एकमेकांपासून तेच लपवत होते. ती हसायला लागली. हसता हसता रडली आणि फोनवर त्याला रागावली, "मग रोज शेवभाजी गुमान खाल्ली व्हय?" मीही हसले. तीन दिवसांचं ओझं तिचं होतं, पण ते उतरताना माझेही खांदे हलके झाले.

तो बरा झाला. तपासण्यांमधलं अंतर वाढत गेलं, केस दाट आले. मधल्या काळात रोडवरचे बंगले जाऊन टॉवर उभे राहिले, माझ्या शाळेतला फळा जाऊन तिथे डिजिटल पडदा लागला. ती भीती आता त्यांच्या बोलण्यातही येत नाही. पण त्या भीतीपोटी त्याने घाईघाईने जे शिकवलं, ते राहिलं. आता मोटर तीच चालू करते, औषधाचं माप तीच ठरवते. तो बांधावर बसून तिच्या चुका काढतो, आणि ती त्याला काढू देते.