उंद्रीच्या माळ्यावरचं इंग्रजी

इंग्रज हा देश सोडून का गेले याची पुष्कळ कारणं पुस्तकांत दिलेली आहेत. पण आमचे धाकटे मामा पंधरावीस वर्षं आधी जन्मले असते तर त्यातल्या एकाही कारणाची गरज पडली नसती. चिखली तालुक्यातल्या उंद्री गावात बसून या एका माणसानं इंग्रजी भाषेचा जो छळ मांडला होता, तो नुसता कानावर पडला असता तरी साहेबानं आपणहून बाडबिस्तरा आवरला असता. मामा माझ्याहून थोडेच मोठे. मी मॅट्रिक होऊन बुलढाण्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो तरी मामा अजून मॅट्रिकला बसतच होते. बाकीचे सगळे विषय केव्हाच सुटले होते, गाडं रुतलं होतं ते एकट्या इंग्रजीत. दर मार्चमध्ये मामा नवा सदरा घालून परीक्षेला जात आणि दर जूनमध्ये तितक्याच नेमानं नापास होत.

आता इंग्रजी आलं नाही म्हणून शेतीवाडी असलेल्या माणसाचं तसं काही अडत नाही. मामांचं मात्र लग्न अडलं होतं. घाटाखालच्या सोनाळ्याच्या एका पाटलांची मुलगी त्यांना सांगून आली होती. मामांनी ती पाहिली आणि त्या दिवसापासून भाकर कशाशी लावून खातोय याची शुद्ध त्यांना राहिली नाही. पाटलांनाही मुलगा पसंत होता, पण त्यांनी एक अट घातली. "आमाले जवाई मॅट्रिक पाह्यजे," ते म्हणाले, "या जूनपावतर वाट पाहू. पास झाले तं बार उडवू, नाई तं दुसरं घर पाहू." मॅट्रिक जावयाचं ते सोनाळ्यात काय करणार होते कोण जाणे, पण अट ती अट.

शहाण्या माणसानं अशा वेळी व्याकरणाचं पुस्तक उघडलं असतं. मामांनी तोंड उघडलं. त्यांचा सिद्धांत असा होता की जीभ वळली की हात आपोआप वळतो, तेव्हा आधी उच्चार, मग बाकीचं. मी त्यांना परोपरीनं सांगितलं की परीक्षेत पेपर लिहायचा असतो, तिथे तुमचा आवाज ऐकायला कुणी बसलेलं नसतं. त्यावर माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत ते म्हणाले, "तू पास झाला म्हनून तुले इंग्रजी आलं असं नाई होत, बाप्पा. तुह्यं इंग्रजी मराठीच्या तोंडातून निंघते." मग इंग्रजीचं तोंड तयार करायला त्यांनी गालात अख्खी सुपारी धरून बोलायला सुरुवात केली. साहेब ओठ न हलवता बोलतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते सुपारीतून बोलत आणि आम्ही काय म्हणालात म्हणून विचारत बसू. एकदा 'थ'चा उच्चार साधता साधता सुपारी घशात उतरली आणि थोरल्या मामांनी पाठीत असा गुद्दा हाणला की ती समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. मामांनी ती उचलून धुतली, पुसली आणि परत गालात ठेवली.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेडिओ होता. बाजारभाव आणि भजनं संपली की लोक उठून जात, तेव्हा मामा जाऊन बसत, कारण इंग्रजी बातम्या लागायच्या. बातमी कळावी अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. त्यांना हवा होता तो बातम्या सांगणाऱ्याचा घसा. दुष्काळ असो की लढाई, मामा डोळे मिटून त्याच्यामागून तोंड हलवत आणि घरी येताना वाटेत जो भेटेल त्याला त्या घशातून बोलत. गावात त्यांच्याशी इंग्रजी बोलणारं कुणीच नव्हतं, याचं दुःख त्यांनी कधी मानलं नाही. उलट चुका काढणारं कुणी नाही म्हणून त्यांची भीड चेपली. एसटीत चढले की ते कंडक्टरला इंग्रजीत तिकीट मागत. एकदा चिखलीला जायचं म्हणून थांब्यावर उभे राहून त्यांनी ते वाक्य असं काही घोळवलं, की आलेल्या गाडीची पाटी न वाचताच आत चढले. गाडी बरीच पुढे गेल्यावर कंडक्टर आला. मामांनी वाक्य म्हटलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, बाकी काई समजलं नाई, पन चिखली म्हनलं थे समजलं. हे गाडी खामगावची हाय." मामा "थँक यू" म्हणून उतरले आणि उन्हातून पायी परत आले. 'थँक यू' झकास जमलं, एवढंच त्यांनी घरी सांगितलं.

पण हे सगळं किरकोळ म्हणावं असा खरा तमाशा ज्वारी हुरड्यात आल्यावर सुरू झाला. कणसं भरली की भोरड्यांचे थवेच्या थवे रानावर उतरतात, म्हणून शेताच्या मध्यभागी चार उंच लाकडी बल्ल्यांवर माळा बांधतात आणि एकानं वर चढून गोफण घेऊन दिवसभर ओरडायचं असतं. लोक 'हाऽऽ' करतात, 'हुर्रऽऽ' करतात, डबे वाजवतात. मामांना वाटलं, नाहीतरी घसा फोडायचाच आहे, तर तो इंग्रजीत का फोडू नये? झालं. सकाळी उन्हं वर आली की आमच्या माळ्यावरून चारी दिशांना क्रियापदं सुटू लागली. "आऽय गोऽऽ! यूऽ गोऽऽ! हीऽ गोऽऽज!" शेवटच्या 'गोज'ला गोफणीतला दगड सुटे आणि भोरड्यांचा थवा भर्रकन उठे. दुपारपर्यंत वर्तमानकाळ संपे, जेवण झालं की भूतकाळ, आणि उन्हं कलली की भविष्यकाळ. माझ्यासारखा मॅट्रिक झालेला कारकून रविवारी गावी येई तो एसटीतून उतरताक्षणी मामांचे 'शॅल' आणि 'विल' ऐकत, आणि मला भर रस्त्यात मान खाली घालावी लागे. शेजारच्या शेतातले चाचा मात्र खूश होते. ते मला म्हणाले, "तुह्या मामाच्या जबानीत काय असर हाय ते मले माहीत नाई, पन माह्या वावरात यंदा एक पाखरू बसलं नाई." मी म्हटलं, "चाचा, पाखरांनाही लाज असते."

मार्च आला आणि गेला. जूनमध्ये निकाल लागला तो मीच बुलढाण्यात पाहिला. मामांचा नंबर नव्हता. मी वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं. हसावं की चिडावं कळेना, म्हणून मी चिडलो. उंद्रीला जाऊन सांगितलं, तर मामांनी गालातली सुपारी काढून ठेवली आणि म्हणाले, "पाटलाले मीच सांगतो. तू चाल संगं." मी म्हटलं, "चिठ्ठी टाका की." ते म्हणाले, "असं चिठ्ठीत सांगू नये, भाच्या." मग खामगावला गाडी बदलून, शेवटी घामानं निथळत आम्ही सोनाळ्याला पोचलो. वाटेत मामा खिडकीतून बाहेर पाहत सारखे ओठ हलवत होते. मला वाटलं, रडू आवरताहेत.

बैठकीत पाटील तक्क्याला टेकून बसले होते. आतल्या दाराशी बायकांची कुजबुज चालली होती. मामा बसले नाहीत. ते उभेच राहिले, छाती भरून श्वास घेतला, आणि रेडिओवरच्या त्या घशातून म्हणाले, "सर, आय ॲम व्हेरी सॉरी टु इन्फॉर्म यू दॅट आय हॅव फेल्ड इन इंग्लिश!"

हे एक वाक्य इतकं शुद्ध होतं की माझाही क्षणभर विश्वास बसला नाही. माझ्याखेरीज ते त्या घरात कुणालाही कळलं नाही. पाटलांचं तोंड आनंदानं फुललं. ते आत पाहून ओरडले, "अवं, पेढे आना! जवाई पास झाले!" बशीत पेढे आले, मामांच्या हातात एक देण्यातही आला. माझ्या मनात आलं, आता हा माणूस गप्प राहिला तर संध्याकाळपर्यंत सुपारी फुटेल, पुढचं पुढे बघता येईल. मी त्यांचा सदरा ओढला आणि पुटपुटलो, "मामा, चूप बसा. पेढा खा." मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पेढा परत बशीत ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाले, "पाटील, मी नापास झालो. इंग्रजीत."

"मंग हे आता काय बोल्ले तुमी?"

"हेच बोल्लो. इंग्रजीत."

पाटील एकदा बशीकडे आणि एकदा मामांकडे पाहत राहिले. "अन् आमाले तं समजलंच नव्हतं. पेढा खाऊन घेतला असता तं कोनं इचारलं असतं तुमाले?"

"म्हनून तं मराठीत सांगतलं," मामा म्हणाले आणि जायला वळले.

तेवढ्यात आतून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग मुलगी आईला सांगत होती ते बाहेर स्पष्ट ऐकू आलं: "माय, बाबाले म्हना, नापास झालो हे ज्याले इंग्रजीत सांगता येते, त्याले अजून काय शिकाचं राह्यलं?" पाटलांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग त्यांनी बशी मामांपुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा बाप्पा. खा आता."

अशा रीतीनं आमच्या मामींनी उंद्रीत पाऊल ठेवलं. आता तरी हा माणूस इंग्रजीला सोडेल अशी माझी आशा होती, ती मामींनीच धुळीला मिळवली. परीक्षेला बसणं सुटलं, पण माळा सुटला नाही. दर हंगामात मामा वर चढून काळ चालवत आणि मामी बांधावर भाकर घेऊन येत, थोडा वेळ बसून ऐकत. कळत काय होतं त्यांना? काही नाही. मी एकदा तसं विचारलं, तर म्हणाल्या, "भाचेबुवा, भजनातलं तरी सारं कुठं समजते?"

मग एका पावसाळ्यात मामांचा घसा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जीव वाचला हे नशीब, आवाजाचं विसरा. सगळं आयुष्य उच्चारावर उधळलेल्या माणसाला साधं 'अ' म्हणता येईना. ही बातमी मला बुलढाण्यात कळली.

ज्वारीच्या दिवसांत मी गावी गेलो. थांब्यावर उतरलो आणि चमकलो. माळ्यावरून आवाज येत होता, पण बाईचा. "आय गोऽऽ! यू गोऽऽ!" वर मामी होत्या, पदर खोचून, हातात गोफण. एकही शब्द धड नव्हता. मामा खाली बल्लीला टेकून बसले होते आणि काही चुकलं की हात वर करून दाखवत होते. "काय करता भाचेबुवा," मामी वरून म्हणाल्या, "दुसरं काई वरडलं तं पाखरं उठतच नाईत. यायले सवय लावून ठेवली ना त्यायनं." मग मामांनी मला बोटानं माळा दाखवला. वर चढ.

मी चढलो. साहेबांपुढे बोलतो तसं, अगदी शुद्ध, व्यवस्थित म्हटलं, "ही गोज." भोरड्या कणसं टिपत राहिल्या. पुन्हा म्हटलं. एकीनंही मान वर केली नाही. खाली पाहिलं तर चूक दाखवायला मामांचा हात वर झाला नव्हता; गालात सुपारी धरावी तसं त्यांनी एका बाजूला गाल फुगवून दाखवला. मी आजूबाजूला पाहिलं, गाल फुगवला आणि रेडिओच्या त्या घशातून, जिला मी आयुष्यभर हसलो त्या आरोळीत जीव तोडून ओरडलो, "हीऽऽ गोऽऽज!" सगळं रान भर्रकन आभाळात उठलं. खाली मामा पोट धरून हसत होते, आवाजाशिवाय. मी कितीतरी वेळ वरच उभा राहिलो. मामांचा तो भसाडा, सुपारी धरलेला आवाज एकदा, फक्त एकदा त्या रानात पुन्हा ऐकू यावा असं मला फार, फार वाटलं.