सासरे, मी आणि ट्रॅक्टरची केबिन

मागच्या हिवाळ्यात माझ्या उजव्या हाताची तीन बोटं स्टिअरिंगवरच पांढरी पडली, मेणासारखी. टाचणी टोचली असती तरी कळलं नसतं. घरी येऊन कोमट पाण्यात हात बुडवला, तेव्हा रक्त परत येताना जी कळ आली ती अजून आठवते. जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, सांगितलं की काहींच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या गारठ्यात अशा आखडतात, तेव्हा उघड्या ट्रॅक्टरवरून बर्फ ढकलायचं तेवढं बंद करा. मी मान हलवली, पण ते बंद कसं करायचं हे मला सुचत नव्हतं.

आमचं घर उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन्स डोंगरांच्या उतारावर आहे. लंडनमधला, हाउन्सलोचा फ्लॅट विकून आम्ही नवराबायको इथे आलो. पाच एकर जमीन, दगडी घर, एक शेड, आणि त्या शेडमध्ये आधीच्या मालकांनी सोडलेला लाल कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर. आपल्याकडे द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून फिरतात, तेवढाच. मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, नवरा आठवड्यातले तीन दिवस लंडनला, क्रॉयडनच्या ऑफिसात असतो. मोठ्या रस्त्यापासून वर येणारी आमची लेन खासगी, त्यामुळे कौन्सिलची बर्फ हटवणारी गाडी तिकडे वळत नाही. लेनच्या वरच्या टोकाला आणखी एकच घर आहे, मेंढ्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं. त्यातले आजोबा दोन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. त्यांना उठवायला, धुवायला, बसवायला सकाळ-संध्याकाळ एक केअरर येते. बर्फ पडला की तिची गाडी लेनच्या तोंडाशी थांबते. आजींच्या जुन्या ट्रॅक्टरला बर्फ ढकलायचं पातं नाही, माझ्या ट्रॅक्टरला आहे. एवढं सगळं दिसत असताना हात खिशात घालून घरी बसवत नाही.

बंद केबिन लावावी म्हटलं, तर ह्या मॉडेलची केबिन बनवणं कंपनीने केव्हाच सोडून दिलेलं.

मग नोव्हेंबरमध्ये सासू-सासरे सांगलीहून आले. लंडनमध्ये एजवेअरला नणंदेचं बाळंतपण होतं, सासूबाई तिकडे रमल्या. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मात्र तिथे काही कामच नव्हतं. दहा दिवसांत ते नवऱ्याला म्हणाले, मला तुमच्या डोंगरावर घेऊन चल. सांगलीत त्यांनी चाळीस वर्षं ट्रकच्या आणि बसच्या बॉड्या बांधल्या. नुसती चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांचा सांगाडा, यायची, आणि हे लोक तिच्यावर ड्रायव्हरसाठी फळ्यांची, पत्र्याची, काचांची खोली उभी करायचे. हे मला लग्नानंतर वीस वर्षं माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे किती कमी असतं, ते त्या नोव्हेंबरात कळलं.

पहिल्या दिवशी मी त्यांना शेड दाखवली. ट्रॅक्टरभोवती त्यांनी एक फेरी मारली, सीटवर बसले, हात वर करून डोक्यावर किती जागा आहे ते पाहिलं आणि विचारलं, हा असा उघडाच चालवतेस? मी बोटांची गोष्ट सांगितली. ते उतरले आणि म्हणाले, "टेप कुठाय?"

केबिन घरीच बांधता येईल हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात गेलं. आधी पुठ्ठा. फ्रिज आला होता त्याचं खोकं कापून त्यांनी दारं, छत, खिडक्या केल्या, चिकटपट्टीने ट्रॅक्टरवर उभ्या केल्या आणि मला आत बसवलं. क्लच दाब, ब्रेक दाब, मागे वळून बघ, जाड कोट घालून चढ, घाईने उतर. माझा गुडघा जिथे जिथे आपटला तिथे ते खडूने खूण करायचे. दाराची बिजागरी आम्ही तीनदा हलवली. माझ्या टेस्टिंगच्या नोकरीत ह्याहून वेगळं काही नसतं, असं मी म्हटलं तर ते हसले.

मग लोखंड आलं. चौकोनी पाइप, जाड पत्रा. वेल्डिंग मशीन वरच्या आजींनी दिलं. त्या ते स्वतः ट्रेलरमध्ये घालून घेऊन आल्या आणि आमचा पुठ्ठ्याचा डोलारा पाहून एवढंच म्हणाल्या की मी पन्नास वर्षं उघड्यावर चालवतेय, मला काही झालं नाही. त्यांचं इंग्रजी बाबांना कळत नव्हतं आणि बाबांची मराठी त्यांना. पण चॅनेल, अँगल, गेज, टॅक हे शब्द दोघांनाही येत होते, आणि तेवढ्यावर त्यांचं अर्धा तास सहज चालायचं.

बाबांनी मला वेल्डिंग शिकवलं. आधी टाकाऊ तुकड्यांवर. गुण्या लावून काटकोन बघ, टॅक मार, म्हणजे नुसता एक ठिपका, परत गुण्या लाव, मगच पूर्ण सांधा. माझे पहिले सांधे कबुतराने घाण केल्यासारखे दिसत होते, तेही त्यांनी फेकू दिले नाहीत. चौथ्या दिवशी एक सरळ ओळ उतरली. हेल्मेटची काच वर करून मी ती पाहतच राहिले. लंच ब्रेकमध्ये शिकलेल्या त्या कामाचा फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

भांडण एकदाच झालं. सीटच्या मागे ट्रॅक्टर उलटला तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान आहे. बाबांना केबिनचा सांगाडा तिलाच वेल्ड करायचा होता. मी मॅन्युअल वाचलं होतं. त्या कमानीला वेल्ड करायचं नाही, भोकही पाडायचं नाही, नाहीतर तिची ताकद जाते. बाबांच्या हातात वेल्डिंगचा टॉर्च तयार होता. वीस वर्षांत मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते.

"बाबा, तिथे वेल्ड करायचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही केलंत तर मी हा ट्रॅक्टर चालवणार नाही."

त्यांनी टॉर्च खाली ठेवला आणि ते घरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तर ते आधीच तिथे होते. कमानीभोवती बसतील असे चार क्लॅम्प त्यांनी पुठ्ठ्याचे कापून ठेवले होते, आत रबराची पट्टी सुद्धा.

"आमच्याकडं एक गाडी उलटली होती," ते म्हणाले. "बॉडी मीच बांधलेली. ड्रायव्हर वाचला, पण तेव्हापासून मला झोप कमीच लागती. तू म्हणतीस तेच बरोबर आहे. दाब हा क्लॅम्प, बघू बसतो का."

तो बसला. त्या दिवसानंतर ते मला विचारल्याशिवाय भोक पाडत नसत, आणि मीही त्यांना विचारल्याशिवाय नाही.

पुढे खरी काच लावली, कारण वायपरने प्लास्टिकवर चरे पडतात. बाजूंना आणि मागे प्लास्टिकचे जाड पारदर्शक पत्रे. हीटर भंगाराच्या यार्डातून आणला, एका छोट्या गाडीतला, पंख्यासकट. बेत साधा होता. इंजिन तापलं की त्याचं गरम पाणी दोन होजमधून, म्हणजे रबरी नळ्यांतून, सीटमागच्या हीटरमध्ये फिरवायचं आणि पंख्याने ती ऊब केबिनमध्ये सोडायची. डिसेंबरच्या मध्यात सगळं जोडून झालं. मी आत बसले, दार लावलं, ट्रॅक्टर चालू केला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. इंजिनाचा काटा वर चढला आणि पंख्यातून बर्फासारखी हवा येत राहिली.

बाबांचा चेहरा पडला. होज बदलून पाहिले, नळ्या हाताने चाचपल्या. एक गरम, दुसरी गार. त्यांच्या सांगलीच्या गाड्यांना हीटर लागलाच नव्हता, त्यामुळे ह्यात त्यांचाही अनुभव शून्य. आजी कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या, त्या दारात थांबल्या. दोन्ही नळ्यांना हात लावून म्हणाल्या, हीटर तुमच्या रेडिएटरपेक्षा वर आहे, आत हवा अडकलीय. इंजिन गार होऊ द्या, नाक चढावर करून उभा करा, टोपण काढा आणि चालू करा.

आम्ही तसंच केलं. लेनच्या चढावर ट्रॅक्टर नाक वर करून उभा केला, रेडिएटरचं टोपण काढलं. बाबा आणि आजी दोघंही वाकून त्या भोकात बघत होते. आधी काहीच नाही. मग एक बुडबुडा आला, मग एकदम पाच-सहा, आणि पाण्याची पातळी डुबकन खाली गेली. आजींनी किटलीने पाणी ओतलं. मी आत बसून पंख्यासमोर हात धरला होता. हवा आधी नुसती कमी गार झाली, मग कोमट, मग चक्क गरम. मी दार उघडून ओरडायचं सोडून रडायलाच लागले. बाबांनी आत डोकं घातलं, हवेसमोर गाल धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

एक त्रास उरला. मी श्वास घेतला की काचा धुरकट व्हायच्या. त्याला मात्र बाबांकडे उत्तर होतं. पावसाळ्यात घाटात बसची काच अशीच धुरकटते. त्यांनी पंख्याला आतली हवा देण्याऐवजी छताखालून एक नळी बाहेर काढली, कोरडी हवा आत घ्यायला. काचा स्वच्छ झाल्या. विषारी धुराचा अलार्म मी माझ्या हौसेने लावला.

बर्फ जानेवारीत आला. सकाळी उठलो तर कुंपणाचे खांब अर्धे गायब. मी साध्या स्वेटरवर ट्रॅक्टरमध्ये चढले. बाबा दोन कोट आणि कानटोपी घालून शेडच्या दारात उभे. पातं खाली टेकवलं आणि निघाले. बाहेर वारा पांढरा होऊन वाहत होता, काचेवर वायपर फिरत होता, आणि माझे हातमोजे मांडीवर पडले होते. आधी खाली, मोठ्या रस्त्यापर्यंत. केअररची गाडी तिथे दिवे लावून थांबलेली. तिने मला ओळखलंच नाही, हात हलवल्यावर हसली. मी वळले आणि वर निघाले, ती माझ्या मागे. आमच्या फाटकाशी बाबांनी तिच्या गाडीला हात केला आणि ते मागच्या सीटवर बसले. त्यांना चढावर क्लॅम्प कसे धरतात ते बघायचं होतं.

वर पोचलो तेव्हा केअरर दहाच मिनिटं उशिरा होती. ती आजोबांकडे धावली. आजी अंगणातून आल्या, त्यांनी माझ्या केबिनचं दार उघडलं आणि मला उतरायला सांगितलं. मग त्या स्वतः चढल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेर कुडकुडत उभे. त्या आत टोपी काढून, हात पंख्यापुढे धरून निवांत बसल्या होत्या. उतरायची घाई दिसेना.

शेवटी उतरल्या आणि त्यांनी त्यांच्या गोठ्याकडे बोट केलं. तिथे त्यांचा जुना निळा ट्रॅक्टर उभा होता, वर आकाश, सीटवर बर्फ. त्याच्यावरून त्या रोज मेंढ्यांना चारा नेतात.

"हे असं त्याच्यावर बसेल का, त्यांना विचार," त्या मला म्हणाल्या.

मला विचारावं लागलं नाही. बाबा आधीच त्या ट्रॅक्टरकडे निघाले होते. जाता जाता मला म्हणाले, तुझ्या नवऱ्याला फोन कर आणि माझं परतीचं तिकीट दोन महिने पुढं ढकलायला सांग. मग खिशातून टेप काढली आणि तिचं दुसरं टोक आजींच्या हातात दिलं.