वहिनींच्या टेबलापुढची रांग

सरळच सांगतो, मी वहिनींवर जळतो. लोक असलं कबूल करत नाहीत, 'कौतुक वाटतं' म्हणतात. मला कौतुकबिवतुक काही वाटत नाही, पोटात दुखतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बावीस वर्षं त्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या काउंटरवर होत्या. डोळ्यांत औषध घातल्यानं ज्यांना समोरचं धड दिसत नाही, त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे, हे त्यांचं काम. कोडची एक ओळ त्यांना लिहिता येत नाही. आणि माझ्या सॉफ्टवेअरला लोक 'वहिनींचं' म्हणतात! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

ते सॉफ्टवेअर आहे छोट्या वाचनालयांसाठी. पुस्तकं कोणती आहेत, कुणी नेली, परत कधी येणार, एवढं ते सांभाळतं. फुकट आहे आणि कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं. नोकरी सांभाळून अकरा वर्षं लिहिलंय मी ते. त्यात काय बदलता येत नाही ते विचारा! वर्गवारी, कार्डाचा आकार, तारीख लिहायची पद्धत, सगळं. पहिल्यांदा उघडलं की सेहेचाळीस प्रश्न येतात. त्यांची उत्तरं दिली की ते तुमच्या वाचनालयाला मापानं शिवल्यासारखं बसतं. त्या सेहेचाळीस प्रश्नांचा मला कोण अभिमान होता.

वहिनी निवृत्त झाल्या. घरी बसवेना म्हणून नव्या वाचनालयांना हे शिकवायला जाऊ लागल्या. त्यांची तऱ्हाच वेगळी. नवखा माणूस कॉम्प्युटरपुढे आणि शेजारी वहिनी, दोन्ही हात मांडीखाली दाबून. का, तर चुकूनही माउसला हात जाऊ नये. माणूस अडला तरी सांगायच्या नाहीत. विचारायच्या, "इथे काय असेल असं वाटलं होतं तुम्हाला?" तो जे बोलेल ते नंतर जसंच्या तसं वहीत उतरवायच्या.

सहा महिन्यांनी वही घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊजी, पहिल्या पानावर दोनच प्रश्न ठेवा. वाचनालयाचं नाव काय, आणि आत्ता हातात पुस्तक कोणतं आहे. बाकीचे सगळे 'नंतर बघू' या बटणामागे."

"वहिनी, हवं तसं बदलता येणं हाच तर याचा जीव आहे."

"असू दे की. काढा कुठे म्हणतेय मी? पण पाहुणा दारात आला की त्याला आधी 'बसा' म्हणता, का घरातली सगळी कपाटं उघडून दाखवता?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्यांना कोड येत नाही, तेव्हा विषय इथेच संपला, अशा समजुतीत मी होतो. कसलं काय! त्यांच्याकडे हे सॉफ्टवेअर शिकलेल्या एका गणिताच्या बाईंना कोड येत होता; त्यांनी ते पान लिहून माझ्याकडे धाडलं. खुल्या सॉफ्टवेअरची रीत अशी, की बदल कुणीही सुचवावा आणि सांभाळणाऱ्यानं तपासून तो आत घ्यावा. सांभाळणारा मी. मी तपासला. पाच महिने तपासला. त्रेसष्ट शेरे मारले. इथे एक जागा जास्त सुटलीय, हे नाव नीट नाही, बटण थोडं डावीकडे हवं. बाई मुकाट्यानं दुरुस्त करून पाठवायच्या, की मी पुढचा शेरा तयार ठेवलेला. कोड चांगला होता हो. मला तो घ्यायचाच नव्हता.

शेवटी बाईंनी कळवलं, "मग आम्ही याची नक्कल काढून वेगळं चालवतो." तसं करायला कुणाची बंदी नसतेच. आसपासच्या अठरा वाचनालयांनी ठरवलं, एका रविवारी दोन्ही हाताळून बघू आणि जमेल ते घेऊ. म्हणजे माझी अकरा वर्षं एका दुपारवर आली.

वाचनालयाच्या हॉलमध्ये दोन टेबलं मांडली होती. खिडकीशी माझं, दाराशी वहिनींचं. माझ्याकडे पहिले आले ते एक निवृत्त टपालवाले. नवव्या प्रश्नाशी थांबले. 'नोंदींचा अक्षरसंच निवडा.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माउस ओढून घेतला आणि उरलेले अडतीस प्रश्न खटाखट भरून टाकले.

"झालं! बघा, किती सोपं आहे."

"तुम्हाला," ते म्हणाले, आणि पलीकडे जाऊन उभे राहिले.

तिकडे ही रांग! कुणाचं पहिलं पुस्तक नोंदलं गेलं, की "आलं, आलं!" म्हणून आरोळी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. आणि त्या रांगेत कोण दिसावं? आमचा दादा! सख्खा भाऊ! आमच्या वसाहतीचं वाचनालय तोच बघतो. नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः त्याच्या कॉम्प्युटरवर माझं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं, आणि माझा पहिला वापरणारा माझा भाऊ, असं मी जगाला सांगत फिरायचो.

मी उठून गेलो. "दादा, तू कशाला इथे? तुला तर येतं."

दादा चष्मा पुसायला लागला. "नाही येत रे."

"म्हणजे? वापरतोस ना नऊ वर्षं?"

"वहीतच लिहितो मी. तुझं ते दोनतीनदा उघडलं, कुठेतरी अडायचो, बंद करायचो. तू विचारलंस की 'मस्त चाललंय' म्हणायचो. तू एवढ्या हौसेनं विचारायचास."

"अरे, मग मला विचारायचं की! मी काय परका होतो?"

"विचारलं होतं एकदा. 'एवढं साधं कळत नाही तुला?' म्हणालास. मग नाही विचारलं."

मला आठवेना. कितीही ताणलं तरी आठवेना. मी वहिनींकडे वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," त्या म्हणाल्या. "यांनी सांगू नको म्हटलं होतं."

पाच महिने मी त्यांचं पान त्रेसष्ट शेऱ्यांनी अडवून धरलं होतं, आणि त्यांनी हे एकदाही तोंडावर फेकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी फेकलं असतं. यावरही जळलोच मी.

दादाची पाळी आली. एका बोटानं त्यानं वाचनालयाचं नाव लिहिलं, मग एका पुस्तकाचं. चार मिनिटं लागली. टपालवाले ओरडले, "आलं, आलं!" आणि दादा लाजून हसला.

घरी आल्या आल्या मी तो बदल आत घेतला, शेरा न मारता. मग वेगळ्या नकलेची गरजच उरली नाही; अठराही वाचनालयं माझ्याच सॉफ्टवेअरवर राहिली. ती त्याला वहिनींचं म्हणतात. म्हणू देत.

गेल्या आठवड्यात दादाकडे गेलो होतो. तो पुस्तकांच्या नोंदी करत बसला होता, मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर. एका ठिकाणी तो अडला. स्क्रीनकडे बघत राहिला. मग उठला आणि वहिनींना विचारायला स्वयंपाकघरात गेला.