दुपारी बंद पडणारी गाडी

नवरा गेला त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याची गाडी दुपारी बंद पडू लागली. सकाळी कॉलेजला जाताना निमूट चालायची. परतताना भंवरकुआंच्या सिग्नलला एसी लावून थांबले, की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायचे आणि इंजिन थांबायचं. मागून हॉर्न. थोडी निवली, की काही झालंच नाही अशी सुरू.

"वहिनी, किती दिवस ढकलणार ही?" धाकटे दीर म्हणाले. "मला देऊन टाका. तुम्हाला काय, ऑटो दारात मिळते."

ती गाडी मला द्यायची नव्हती. घरात त्याच्या वापरातलं, अजून चालणारं असं तेवढंच उरलं होतं.

गॅरेज दिरांनीच सुचवलेलं. तिथला मेकॅनिक त्यांना घरच्या भावासारखं 'भिया' म्हणायचा. त्याने बॅटरी बदलली, तरी दुपारी तेच. गाडी बंद पडली, की संध्याकाळी दिरांचा फोन ठरलेला: "आज चालली का?" यांना कोण सांगतं, असं वाटायला लागलं.

मेकॅनिक म्हणायचा, "मैडम, सुबे छोड़ जाओ, शाम को ले जाना." गाडी दिवसभर शेडच्या सावलीत. मग दोष सापडणार कसा? की सापडायलाच नको होता?

एकदा मी भर दुपारी गेले. किल्ली दिली नाही. गाडी रस्त्यावर उन्हात लावली, एसी चालू ठेवला आणि आत बसून राहिले. "इथेच बघा."

"अरे मैडम, इत्ती धूप में तो आदमी बंद पड़ जाए!"

पण दिवे मिणमिणताच तो मीटर घेऊन धावला. बॅटरीची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथेच वीज अडत होती. बोल्ट सोडवला. खाली तांबडा-काळा थर.

"ये लाल-लाल क्या भर रखा है?"

कुंकू. दसऱ्याला बाहेरून स्वस्तिक काढून नवऱ्याचं समाधान होत नसे. "चालतं ते आतलं," म्हणत तो बोनट उघडायचा आणि पाण्यात कालवलेलं कुंकू बोटाने बॅटरीला, त्या बोल्टला लावायचा. वर्षानुवर्षं ते खाली झिरपलं, गंज धरला. थंडीत कसंबसं निभायचं. तापलं, की जोड सुटायचा.

मेकॅनिकच्या हातात पॉलिश पेपर होता. "घिस दूँ?"

मी त्याच्याकडे पाहत राहिले. बॅटरी बदलताना याच जागेवर वाकला होता तो. तेव्हा दिसलं नसेल? त्याने मान वर केली नाही. त्या थरात कुठेतरी नवऱ्याचं बोट होतं.

"घासा," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महूपर्यंत जाऊन आले, एसी लावून. एकदाही थांबली नाही. परतले तर दीर फाटकाशी उभे.

"चालली?"

"चालली."

"बरं झालं, वहिनी." बोलताना ते माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होते.

किल्ली मी पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, "या भाऊजी, चहा टाकते."