आतल्या चाकावरचा शेंदूर

एका मंगळवारी दुपारी माझे पती गेले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. सासूबाई घरी होत्या. गाडी अंगणात उभी होती.

ही गाडी त्यांनी फार हौसेने सांभाळली होती. नोकरी कार्यालयातली असली, तरी सुटीच्या दिवशी बोरगाव मेघेच्या आमच्या अंगणात बॉनेट उघडून बसणे हा त्यांचा विसावा होता. दर चतुर्थीला त्याच गाडीतून ते आईंना केळझरच्या गणपतीला नेत. मी क्वचितच जात असे. देवावर माझा राग नव्हता, पण पुस्तकांत रमणाऱ्या माणसाला देव जरा लांबच राहतो, तसे माझे होते. ते गेल्यावर तर मी देवघराकडे पाहणेही सोडले. आई दिवा लावत, पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नव्हत्या. जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी. डॉक्टरांनी तपासले आणि औषधाऐवजी एवढेच सांगितले, की यांना घराबाहेर काढा. दिरांनी आपली गाडी आणली, शेजाऱ्यांनी विचारून पाहिले. आईंचे एकच उत्तर असे, "त्याच्या गाडीत नेशील तं येईन. नाई तं माहा गणपती घरातच बरा."

गाडी चालवायला मला येत होती, पण तिचा टायमिंग बेल्ट बदलायचा राहिला होता. इंजिनच्या वरच्या आणि खालच्या चाकाला एका चालीत फिरवणारा तो दातेरी पट्टा जुना होऊन तुटला, तर इंजिनच बसते. नवा पट्टा त्यांनी आधीच आणून कपाटात ठेवला होता. तो खोका हातात घेतला की मला पुढे काही सुचत नसे. शेवटी मी नाचणगावच्या शंकरभाऊंना बोलावले. ते मेकॅनिक, आणि माझ्या पतींचे मित्र. दोघांनी मिळून ही गाडी कितीदा खोलली असेल, त्याचा हिशेब नाही.

शंकरभाऊंनी कव्हर काढले. खालच्या चाकाची खूण स्वच्छ दिसत होती. वरच्या चाकावर काळे तेल साचले होते, आणि त्यातून एका दात्यावर लालसर ठिपका डोकावत होता. मेकॅनिक लोक जुळवणीची खूण म्हणून असा रंगाचा ठिपका लावतात, हे मलाही ठाऊक होते. "वहिनी, तुमची नेलपॉलिश गेली वाटते या कामात," ते म्हणाले. मी आयुष्यात नेलपॉलिश लावलेली नाही, हे त्यांना सांगितले. "मंग दादानं इकत आणली असन. त्याचं काम पक्कं राह्यते." ठिपका त्यांच्या अपेक्षेपेक्षा थोडा बाजूला होता, त्यावर त्यांनी जुना पट्टाच सरकला असेल असे अनुमान काढले. मी गाडीचे पुस्तक उघडून पाहिले. त्यात वरच्या चाकावर खूण असते एवढे होते आणि चित्र पुसट होते. मित्राच्या हातची खूण आहे म्हटल्यावर त्यांनी शंका घेतली नाही, मीही घेतली नाही. ठिपका जुळवून नवा पट्टा चढला.

गाडी सुरू झाली, पण सुरू झाली म्हणायची एवढेच. ती थरथरत होती, खोकत होती, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी जोर धरत नव्हती. शंकरभाऊंनी प्लग काढून पुसले, एअर फिल्टर झटकला, पेट्रोलची नळी तपासली, वायरी हलवून पाहिल्या. प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की तोच खोकला. चतुर्थी दुसऱ्या दिवशी होती. आईंना मी मोठ्या तोंडाने सांगून बसले होते, की उद्या त्यांच्या गाडीतून जाऊ. त्यांनी ठेवणीतले लुगडे काढून पलंगावर ठेवलेलेही मी पाहिले होते. आता आत जाऊन काय सांगावे, या विचाराने मी पायरीवर बसले. मनात आले, ज्याच्याकडे जायचे त्याचीच इच्छा नसेल तर आपण कशाला धडपडावे. ही प्रार्थना नव्हती. हात टेकणे होते. पण पुष्कळ दिवसांनी मी देवाशी काहीतरी बोलले होते, हे मला नंतर जाणवले.

तेवढ्यात दारात आई उभ्या दिसल्या. हातात चहाचे दोन कप होते. त्या उंबरठा ओलांडून अंगणात आल्या. आपण बाहेर आलो आहोत, हे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

"काऊन रे शंकर, गाडीले खोकला झाला का? माह्या पोराची गाडी अशी नाई बोलत."

"पाहून राह्यलो ना आई. सापडून नाई राह्यलं."

शंकरभाऊंनी पुन्हा कव्हर काढले होते. आईंनी कप माझ्या हाती दिले आणि वाकून आत पाहिले. बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी आपले बोट त्या ठिपक्याजवळ नेले.

"हा तं माह्या बोटाचा टिका व्हय."

शंकरभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. आईंनी सांगितले, की मागे एका दसऱ्याला त्यांच्या मुलाने इंजिन असेच खोलून ठेवले होते. त्या केळझरहून आणलेला शेंदूर तेलात कालवून गाडीच्या पूजेला आल्या. तो म्हणाला, आई, आत नको, बाहेर लाव. "म्या म्हटलं, बाहेरच्याले सारेच पुजते. आतलं चाक रातदिस फिरते, त्याले कोण इचारते? आन् देल्ला लावून."

मग त्या शंकरभाऊंकडे वळल्या. "तू मिस्त्री हाये का पुजारी रे? टिका पाहून पट्टा लावते."

शंकरभाऊ आधी ओशाळले, मग इतके हसले की त्यांना बॉनेटचा आधार घ्यावा लागला. मीही हसले. आई हसल्या. ते हसणे आमच्या अंगणात कितीतरी दिवसांनी आले होते, आणि ज्यांच्यामुळे आले तेच तिथे नव्हते, तरी त्या क्षणी ते नाहीत असे मला वाटले नाही.

शंकरभाऊंनी फडके हातात घेऊन विचारले, "पुसू का, आई?"

"टिका नोको पुसू. बाजूले पाह्य."

त्यांनी बाजूचे काळे तेल खरवडले. शेजारच्याच दात्यावर कारखान्याची खाच निघाली. एका दात्याचा फरक होता. अजून एखाद्या दात्याने चुकले असते तर इंजिनचे व्हॉल्व्ह वाकले असते, असे ते म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत. पट्टा सैल करून, खाच जुळवून, त्यांनी तो पुन्हा चढवला. किल्ली मी फिरवली. इंजिन एका दमात लागले आणि एकसारखे गुणगुणत राहिले. आई म्हणाल्या, "हां. आता बोलली."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सेलूला आईंनी गाडी थांबवून आलूबोंडा मागितला आणि तिखट कमी आहे म्हणून दुकानदाराला सुनावले. केळझरच्या चढावर गाडी कुरकुरली नाही. गणपतीपुढे मी हात जोडले, तेव्हा मागण्यासारखे काही आठवले नाही. आईंनीही काही मागितले नाही. निघताना त्यांनी फक्त थोडा शेंदूर पदराच्या गाठीला बांधून घेतला.

याला मी चमत्कार म्हणत नाही. एका आईने लावलेला टिका तिच्याच डोळ्यांना ओळखू आला, एवढेच घडले. पण त्याच टिक्याने आम्हाला अडवले, आणि त्याच टिक्याने आईंना उंबरठ्याबाहेर आणले, हेही खरे. गाडी पहिल्याच फेरीत नीट लागली असती, तर आई अंगणात आल्या असत्या का, मला ठाऊक नाही. जे माझ्या हातून जुळत नाही, त्यापुढे थोडे थांबावे, एवढे मी शिकले आहे.

चतुर्थीला आम्ही दोघी केळझरला जातो. आई पुढच्या सीटवर बसतात. टिका आत, त्याच दात्यावर आहे.