देखाव्यातली चिमणी

संघमित्रा तांबे नोकरी कसली करते, हे तिच्या नात्यागोत्यात कोणालाही धडपणे सांगता येत नाही. लग्नात कोणी विचारलंच, तर आई कमळाबाई ‘ऑफिसात आहे’ एवढं म्हणून पानातल्या जिलबीकडे वळतात. भाऊ गौतम ‘पाण्याच्या खात्यात’ असं सांगतो. ते खोटं नाही; लोकांनी वापरून झाल्यावरच ते पाणी तिच्या खात्याकडे येतं, एवढाच तपशील तो गाळतो. संघमित्रा स्वतः मात्र सरळ सांगते, "तुम्ही फ्लश दाबता ना, त्याच्यापुढचं सगळं आमच्याकडे." विचारणारा बहुतेक वेळा तेव्हा जेवत असतो.

तिचं पद लोकसंवाद अधिकारी आणि कचेरी मलजल प्राधिकरणाची. शहराच्या मध्यभागातलं सांडपाणी गोळा करायचं, पंपाने पुढे ढकलायचं आणि शुद्ध करून समुद्रात सोडायचं, हे प्राधिकरणाचं काम. जिथे नवं पंपघर बांधायचं किंवा जुनं वाढवायचं असेल, तिथे संघमित्रा आधी जाते आणि रहिवाशांना समजावते. अभियंते जमिनीखालचं बघतात, ती जमिनीवरचं. यातलं जमिनीखालचं काम सोपं, असं तिचं इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे. तिथे उलट कोणी बोलत नाही.

वडील बाबुराव परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर एका ओळखीच्याने गटारखात्यात चिकटवून देतो म्हणून सांगितलं होतं. पगार बरा, वर राहायला खोली. बाबुरावांनी नकार दिला. "आज्यापणज्यांना ज्या कामात ढकललं, तिथे मी आपल्या पायाने जाणार नाही," म्हणाले, आणि एका बँकेच्या दारात वॉचमन म्हणून उभे राहिले. मुलीला बसून करायचं काम मिळावं म्हणून शिकवलं. मुलगी समाजशास्त्रात एम. ए. झाली, परीक्षा दिली, मुलाखतीत पहिली आली आणि थेट त्याच पाण्यापाशी जाऊन बसली. खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता, हे खरं. बाबुरावांनी चाळीत पेढे वाटले, पण खात्याचं नाव न सांगता. कमळाबाईंनी तेवढंही केलं नाही.

बाबुराव जाऊनही आता बरीच वर्षं झाली. संघमित्रा पन्नाशीला आली. कमळाबाई अजून ‘ऑफिसात आहे’ यावरच आहेत.

यंदाचं प्रकरण परळच्या जुन्या पंपघराचं होतं. पंप म्हातारे झाले होते, आणि समुद्राला मोठी भरती आली की ढकललेलं पाणी उलटं फिरून शेजारच्या रतनशी चाळीच्या तळमजल्यावरच्या संडासांतून वर येत होतं. नव्या पंपघराचा आराखडा कार्यकारी अभियंता चिंतामणी करंदीकर यांनी केला होता. करंदीकर शिवाजी पार्कला राहत, पहाटे मैदानाला फेऱ्या मारत आणि पंपांबद्दल बोलताना त्यांचा आवाज भरून येई. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि तेवढ्यात हे काम सुरू झालेलं त्यांना बघायचं होतं. पैसे मात्र एकाच कामापुरते होते. महिनाअखेरपर्यंत रतनशी चाळीच्या रहिवाशांचा ना-हरकत ठराव आला तर ते परळला मिळणार. नाही आला तर शीवच्या पंपघराला.

पहिली सभा संघमित्राने पडद्यावर चित्रं दाखवून घेतली होती. लोकांनी दोन प्रश्न विचारले: पार्किंगचं काय, आणि चहा कधी येणार.

"लोकांना आकडे नको असतात, तांबे मॅडम," करंदीकर म्हणाले. "मॉडेल करा एखादं. डोळ्यांना दिसलं पाहिजे."

परळ-लालबागमध्ये डोळ्यांना दिसेल असं काही करायचं, तर गणपतीचे देखावे करणाऱ्यांकडेच जावं लागतं. धनेशचं नाव त्यात मोठं होतं. माघी गणपती उरकलेले आणि भाद्रपद लांब, म्हणून तो मोकळाही होता. त्याने आराखडा उलटासुलटा करून पाहिला, "होऊन जाईल ताई, टेन्शन नाय," म्हणाला आणि खरोखरच करून दिलं.

चाळीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात तो देखावा मांडला गेला, तेव्हा संघमित्रा क्षणभर आपलं खातं विसरली. पांढरंशुभ्र पंपघर. आत छोटे दिवे. मत्स्यालयाच्या मोटारीवर झुळझुळ फिरणारं निळं पाणी. कडेने हिरवळ, बाकं, छत्री घेतलेल्या दोन बायका आणि फाटकाशी एक उसाच्या रसवाला, घुंगरांसकट. मागच्या बाजूला चाळ, तिच्या गॅलऱ्या, वाळत घातलेली साडीसुद्धा.

"चिमणी कुठाय?" तिने विचारलं.

खालची कोंदलेली हवा गाळून वर सोडायला एक उंच नळी आराखड्यात होती. कागदोपत्री तिचं नाव तीन ओळींचं होतं. कचेरीत सगळे चिमणीच म्हणत.

"लावून बघितली ना, ताई. सगळा लुक गेला," धनेशने पायाजवळचं खोकं सरकवलं. आत चिमणी होती, व्यवस्थित रंगवलेली. "तिथे मी गुलमोहोर टाकला. बघा, काय उठून दिसतोय."

तिने करंदीकरांना फोन लावला. "मॉडेल हे मॉडेल असतं," ते म्हणाले. "चिमणी आराखड्यात आहे आणि आराखडा रीतसर नोटीसबोर्डावर लावलाय." हे खरं होतं. नोटीसबोर्ड पंपघराच्या फाटकाच्या आत होता, आणि फाटकावर ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी होती.

आठवडाभर देखाव्याला रांग लागली. पोरं खांद्यावर बसून बघत, बाया मोबाइलवर फोटो काढत. निळ्या पाण्यात नाणी पडू लागली. एका आजोबांनी जाताना हात जोडले. सांडपाण्याला असा मान मुंबईत यापूर्वी कुणी दिला असेल, असं संघमित्राला वाटलं नाही.

राधाबाईही येऊन गेल्या. मागच्या गॅलरीतली शेवटची खोली त्यांची. पहिल्यांदा पाणी उलटं आलं, तेव्हा चाळ संघमित्राला फाडून खायला निघाली होती. "आधी तिका पाणी पिवक देवा, मगे मारा," असं म्हणून राधाबाईंनीच तिला आत घेतलं होतं. तेव्हापासून परळला गेली की त्यांच्याकडे चहा ठरलेला. त्यांच्या उशाशी दम्याचा पंप असे, आणि खिडकी सदा उघडी, कारण बंद खोलीत त्यांचा जीव घुसमटे.

देखाव्यावर वाकून त्यांनी आपली खिडकी शोधून काढली. तिच्यासमोर दोन बोटांवर गुलमोहोर होता.

"माझ्या खिडकीसमोर झाड लावलंस गो बाय?" त्या हसल्या. "बरां केलंस. पयलो हात माझो. सगळे गॅलरीक सांगतंय."

संघमित्रा काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात मागच्यांनी रांग पुढे ढकलली. रांग पुढे सरकली याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे तिला घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

घरी तिने आईला मोबाइलवर देखावा दाखवला. खात्यातलं काही आईला दाखवण्याजोगं पहिल्यांदाच झालं होतं. कमळाबाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं.

"छान आहे. आणि घाण कुठाय?"

"आतून जाते ती. दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे कोणाच्या तरी दारात ठेवली असणार," कमळाबाई म्हणाल्या. "आमच्या गावात वरची आळी अशीच दिसायची. तुझ्या बापाला विचारायला हवं होतं, ती उचलायला कोण जायचं." फोन तिच्या हातात देऊन त्या भाजी निवडायला बसल्या.

रविवारी संध्याकाळी सभा भरली. करंदीकर इस्त्रीच्या शर्टात, हातात ठरावाचा कागद घेऊन बसलेले. चाळीचे सेक्रेटरी म्हणाले, "देखावा सगळ्यांनी बघितलाय, सगळ्यांना आवडलाय, उगाच लांबण लावू नये." पहिल्या रांगेत राधाबाई, जरीच्या काठाचं लुगडं नेसून. हात वर करायचा म्हणजे त्यांच्या मते कार्यच होतं.

संघमित्रा उठली. टेबलाखालचं खोकं उघडून तिने चिमणी काढली, गुलमोहोर उपटला आणि त्या भोकात चिमणी बसवली. चाळीच्या छपराच्याही वर हातभर गेली ती.

मागच्या रांगा उठून बघू लागल्या. मग मागून कोणीतरी ओरडलं, "काय मॅडम, गिरणी परत चालू करताय काय?" आणि हशा पिकला. राधाबाई मात्र हसल्या नाहीत.

"ह्यां काय गो?"

"खालची हवा वर सोडायची नळी. हवा गाळून सोडतात, पण गाळणं जुनं झालं की वास येणार. रोज नाही, पण येणार."

"आणि झाड?"

"झाड नाहीये, राधाबाई. झाड देखाव्याचं होतं."

"म्हणजे तुका म्हायत होतां."

"हो. तुम्ही बघायला आलात तेव्हाही माहीत होतं."

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. "फसवताय काय आम्हाला?" "आमची पोरं त्या गॅलरीत अभ्यासाला बसतात!" "आणि संडासातून पाणी येतं ते चालतं वाटतं?" "तुझं घर पुढच्या बाजूला, तुला काय जातंय रे!" सेक्रेटरींनी सभा तहकूब केली. ठरावाचा कागद कोराच राहिला. राधाबाई उठल्या, आणि चहाला ये म्हणाल्या नाहीत.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं करायला?" करंदीकरांनी बाहेर पायऱ्यांवर विचारलं.

"कोणी नाही, सर."

"मला तरी विचारायचं."

"विचारलं होतं, सर. फोनवर."

करंदीकरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा घातली आणि खिशात ठेवली. पैसे शीवला गेले.

देखावा मात्र चाळीतच राहिला. कचेरीत ठेवायला जागा नव्हती आणि धनेशचा टेम्पो लग्नसराईत गुंतला होता. पंधरवड्याने त्याचीच चौकशी करायला संघमित्रा गेली, तर चिमणी जागेवर नव्हती. ती देखाव्यातच, सेक्रेटरींच्या दारासमोर उभी होती.

"पोरांचा चावटपणा," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी ती उचलून शेजारच्या टॉवरच्या पोर्चमध्ये लावली. पुढच्या खेपेला ती कॅरमच्या खोलीवर होती. मग फाटकापाशी. उसाच्या रसवाल्याचा त्यात बळी गेला होता. जिथे लावावी तिथे कोणीतरी तणतणत येई आणि उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवी. चाळीतली जुनी वैरं या निमित्ताने ताजी झाली. पण चिमणी नकोच, असं आता कोणी म्हणत नव्हतं. एका मोठ्या भरतीत संडास पुन्हा भरून आले होते. ती कुठे हवी एवढाच वाद उरला होता.

सेक्रेटरींचे फोन येऊ लागले. "मॅडम, साहेबांना विचारा, फाटकाजवळ लावली तर?" संघमित्रा विचारायची. करंदीकर सुरुवातीला "नाही जमणार" एवढंच म्हणत. मग का जमणार नाही ते सांगू लागले. मग कागदावर काढून दाखवू लागले. एका शनिवारी पेन्सिल आणि मोजपट्टी घेऊन ते आपण होऊनच चाळीत आले.

आले तेव्हा देखाव्याभोवती घोळका होता आणि मधोमध राधाबाई. त्यांच्या हातात चिमणी होती. संघमित्राकडे त्यांनी पाहिलं नाही. पंपघराच्या पुढच्या अंगाला एक चौकोनी खोली होती, तिच्या डोक्यावर त्यांनी चिमणी टेकवली.

"ती माझी केबिन आहे," करंदीकर म्हणाले.

"म्हायत आसा. तुमी थंय बसतास ना? वास इलो तर तुमकां पयलो कळतलो."

"अहो, हे बांधून होईपर्यंत मी रिटायर होईन."

"मगे जो बसतलो तेका कळतलो."

घोळका हसला. करंदीकर हसले नाहीत. त्यांनी मोजपट्टी लावली, पेन्सिलीने देखाव्याच्या बोर्डावर एक रेघ ओढली, खोडली, पुन्हा ओढली. नळी लांबणार होती, एक वळण वाढणार होतं, एक जादा पंखा लागणार होता. बराच वेळ ते त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्यांसमोर रेघा ओढलेल्या माणसाला आपल्या डोक्यावर रेघ ओढताना थोडा वेळ लागतो, हे संघमित्राने समजून घेतलं.

"होईल," ते म्हणाले.

ठराव पुढच्या रविवारी झाला. पहिला हात राधाबाईंचाच होता. प्राधिकरणाने तो दाखल करून घेतला आणि काम पुढल्या वर्षीच्या यादीत टाकलं. तिथे ते एकटंच नव्हतं. करंदीकरांना ते सुरू झालेलं दिसेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. निदान ते स्वतः विचारत नाहीत.

सभा सुटल्यावर राधाबाईंनी खोक्यातला गुलमोहोर शोधून काढला आणि आपल्या खिडकीसमोरच्या भोकात परत खोचला.

"चाय घेऊन जा," त्या म्हणाल्या, आणि संघमित्रा त्यांच्यामागून गॅलरीच्या टोकाला गेली. खिडकी उघडीच होती. समोर जुन्या पंपघराची मागची भिंत, आणि तिच्यापुढे रिकामी जागा.

"आता झाड खऱ्यातलां लाव," राधाबाईंनी स्टोव्ह पेटवता पेटवता फर्मावलं.

संघमित्राने जागा पाहिली. हो म्हणणं अगदी सोपं होतं.

"झाडांचं खातं वेगळं आहे, राधाबाई. कबूल करत नाही. विचारून सांगते."

राधाबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, चिमणी लावली त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

"चलात. इचारून सांग," त्या म्हणाल्या, आणि दोघींपुरतं आधण ठेवलं.